ज्याने केला, त्यानेच उघडावा

रविवार, ९ ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

ताईचा आशीर्वाद. आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं.

छोटीला पहिला दात आल्याचं तुझ्या बायकोने कळवलं. फोटो बाबांना दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, खालचाच आधी आला, बरोबर आहे. बस, आजोबांचं कौतुक संपलं.

दवाखाना चालू आहे. मी आपली मुलांच्या दातांना तारा बांधते. बाबा निवृत्त झाले तरी रोज सकाळी येऊन बाहेरच्या बाकावर बसतात आणि माझ्या पेशंटांना घाबरू नका म्हणून इतकं समजावतात, की आत येईपर्यंत ती निम्मी घाबरलेली असतात.

आता मुद्द्याचं. तू शिकत असताना बाबांच्या वरच्या पुढच्या दाताचं रूट कॅनॉल केलं होतंस, तो दात कुरकुरतोय. हिरडीवर फोड येतो, फुटतो, पुन्हा येतो. तू काही चुकला नाहीस, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचणार नाहीस. मुळाच्या टोकाशी एक बारीक फाटा आहे, तो तेव्हाच्या एक्स-रेत कुणालाच दिसला नसता. मी स्कॅन घेऊन एका सर्जनबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, वर कॅप आणि आत पोस्टची खुंटी आहे, वरून शिरलं तर मूळ तडकेल. हिरडी उचलून, मायक्रोस्कोपखाली मुळाचं टोक कापायचं आणि मागून सील करायचं, एवढा एकच मार्ग आहे. पण समोरचं हाड झिजतंय. फार थांबलात तर राखण्यासारखं काही उरणार नाही.

बाबा त्यांच्याकडे जायला तयार नाहीत. त्यांचा नियम तुला ठाऊक आहे, ज्याने दात केला त्यानेच तो पुन्हा उघडावा. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरशी बोलणं नव्हतं, तरी त्याचे पेशंट ते चिठ्ठी देऊन त्याच्याकडेच परत पाठवायचे. मी म्हटलं, नियम पेशंटसाठी असतात. तर म्हणाले, मी कोण आहे मग?

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे तुम्हा दोघांनाही लागू आहे. त्या भांडणात पेशंटसमोर तू त्यांना म्हणालास, तुम्हाला दात फक्त काढता येतात. ते म्हणाले, मग वाचवणाऱ्यांच्या गावी जा. तू खरंच गेलास. त्यानंतर त्यांनी तुझं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही.

खरं सांगू? मला राग येतो. रोजचा चहा मी देते, गोळ्यांची आठवण मी करते, आणि तोंड उघडायचं ते तुझ्यासमोर. राग येतो आणि वाईटही वाटतं.

काल ते स्वतःहून खुर्चीत येऊन बसले. म्हणाले, "काढून टाक. काढायला तुझा हात चालेल." इंजेक्शन भरलं, चिमटा ट्रेमध्ये ठेवला. त्यांनी डोळे मिटून तोंड उघडलं. आपल्या बापाचं तोंड इतकं जवळून मी कधी पाहिलं नव्हतं. एवढे दात त्यांनी जपलेत, आणि हा एक तू जपलेला. मला हात घालवेना. तोंडातून निघून गेलं, की तुझा फोन आला होता, तू येतोयस.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "खोटं बोलतेस तू, कळतंय मला. पण राहू दे दात."

मग उठले, चूळ भरली आणि बाकावर जाऊन बसले. आज सकाळपासून तुझी खोली झाडून घेतायत. मला विचारलं, मायक्रोस्कोप त्याचा तो आणेल, की इथे सोय करावी लागेल? मी म्हटलं, विचारून सांगते.

म्हणून विचारतेय. आम्हाला तुझी माफी वगैरे नकोय. तू ये, त्यांच्या उशाशी स्टुलावर बस आणि हिरडी उचल. मी सक्शनची नळी धरीन. बोलायची गरज पडणार नाही, त्यांचं तोंड उघडंच असेल.

वाट पाहणाऱ्या दोघांपैकी जिला लिहिता येतं ती,
ताई