सपाट रेघ

३ मार्च
नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मी पाचच्या ठोक्याला बाहेर! पाच वर्षं घरून व्हिडिओ एडिटिंग केलं. गिऱ्हाईक म्हणेल तेव्हा बसायचं, पोर जेवली की नाही याचा पत्ता नसायचा. इथं पूर्णवेळ काम, आणि ते घरी न्यायला सक्त बंदी. खुर्ची मऊ, कॉम्प्युटरचे पडदे दोन. मॅडमनी काम समजावलं: लोकांच्या घरातलं तासन्‌तास चाललेलं रेकॉर्डिंग येतं, त्यातली शांतता कापायची, माणसांचं बोलणं तेवढं ठेवायचं, रेडिओ-टीव्हीचं धरायचं नाही. म्हटलं, हा तर माझ्या डाव्या हातचा मळ.

सहाला घरी. मौनीबरोबर पत्ते खेळले. सहा वर्षांची झाली तरी दिवसाला चार शब्द बोलेल तर शपथ, म्हणून बापाने हे नाव पाडलंय. पण मला हरवल्यावर काय हसते लबाड.

६ मार्च
युक्ती सापडली. पडद्यावरची चित्राची खिडकी बंदच करून टाकायची. फक्त आवाजाची रेघ बघायची. सपाट झाली की काप. दिवसाचं काम दुपारी उरकतं. मॅडम म्हणाल्या, तुमच्याइतका हात कुणाचा चालत नाही. मी जरा फुगलेच.

घरी मात्र संध्याकाळ कुठे गेली कळलं नाही. पत्ते वाटले एवढं आठवतंय. मग एकदम सकाळ, आणि मी डबा भरतेय.

११ मार्च
पुन्हा तसंच. नवऱ्याशी भांडले ते लख्ख आठवतं. मौनीला मांडीवर घेतलं होतं का, आठवत नाही. त्यालाही नाही. म्हणाला, दमली असशील. दमायला मी काय दगड फोडते?

१४ मार्च
शाळेत फोन केला. बाईंना हजेरीपटात मौनीचं नाव सापडेना. दोनदा बघितल्यावर सापडलं.

१७ मार्च
आज चित्राची खिडकी उघडली. आमचं स्वयंपाकघर. आमचा ओटा, कान तुटलेला कप, मी. मौनी टेबलाशी चित्र काढतेय. वीस मिनिटं, गप्प. रेघ सपाट. म्हणजे अकरा दिवस मी डोळे झाकून, माझ्याच हाताने—

मॅडमना म्हटलं, कापलेलं परत द्या. म्हणाल्या, कापलेलं ठेवत नाही. आणि नोकरी खुशाल सोडा, उद्या तुमच्या खुर्चीत दुसरी बसेल. तिचाही हात चांगला आहे.

१८ मार्च
गेले नाही. नवऱ्याने विचारलं, ही कुणाची मुलगी. थट्टा वाटली. थट्टा नव्हती.

१९ मार्च
सकाळपासून तिला धरून बडबडतेय. बोलणं असलं की तुकडा राहतो. रेडिओ लावला, तो धरत नाहीत. पाढे म्हटले, भाज्यांची नावं, शेजारणीची उणीदुणी—

घसा बसला. नुसती हवा येते.

वहीत लिहून दाखवलं: बोल, राणी. काहीही बोल. तिने वाचलं. हसते नुसती. एका हाताने लिहितेय, दुसऱ्या हातात तिचा—