ट्यूब ठीक आहे

३ मार्च

चि. बुटकीस,
पालथ्या दादाचे अनेक आशीर्वाद.

पलंगाच्या कडेवरून मान खाली सोडून जमिनीवरच्या कागदावर लिहितोय, तेव्हा अक्षराला हसू नकोस. गुरुवारी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आतला पडदा सुटला होता, भिंतीचा रंग पोपडा धरून सुटतो तसा. तो परत चिकटावा म्हणून डोळ्यात वायूचा बुडबुडा भरलाय. बुडबुडा वर चढतो आणि पडदा असतो मागे, म्हणून माझं तोंड सदा जमिनीकडे. जेवणसुद्धा तसंच. तुझी वहिनी म्हणते, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच यांची मान खाली बघतेय.

सांगायला लाज वाटते. जन्मभर लोकांना चष्मे बसवून दिले आणि स्वतःच्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगायला लागले, तर काचेवर ओरखडा असेल म्हणून पुसत बसलो. मग काच बदलली. तीही पुसली. कडेला वीज चमकल्यासारखं व्हायचं, ते म्हटलं दुकानातल्या आरशांमुळे. शेवटी नाकाच्या बाजूने काळोख सरकत मध्यावर आला तेव्हा कुठे गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इतके दिवस काय करत होतात. काय सांगणार, कपाळ!

मधली नजर किती परत येईल ते त्या सांगत नाहीत. आईकडून आपल्या दोघांना आलेला तो जाडजूड नंबर आहे ना, त्यात डोळा लांबट होतो आणि पडदा ताणून पातळ होतो म्हणे.

बाबांना बघायला येणार होतो, ते राहिलं. बुडबुडा विरेपर्यंत विमान नको आणि तुमचा डोंगरही नको. उंचावर तो फुगतो आणि उरलीसुरली नजर घेऊन जातो. तू एकटी सगळं ओढतेयस, कळतं मला. राग धरू नकोस.

तुझा,
दादा


९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

राग कसला धरतेय, अंगात तेवढं त्राण तरी हवं ना. तुझं पत्र शेजारच्या मावशींना वाचून दाखवताना रडले आणि वहिनीच्या वाक्याला दोघी हसलो. बाबा तेव्हा झोपले होते. त्यांना काही सांगितलेलं नाही.

बाबा तसेच. कूस बदला, अंग पुसा, भरवा आणि मधल्या वेळात शाळेच्या गणवेशांची शिलाई. उजवी बाजू अजून हलत नाही. बोलतात, पण एकेक शब्द ओढून काढावा लागतो. हल्ली त्यांचं डोकंही ठिकाणावर नसावं असं वाटतं.

त्यात बाबांच्या खोलीतल्या ट्यूबने वैताग आणलाय. मशीनवर बसले की उजव्या कडेला सारखी लुकलुक. वायरमनने नवी ट्यूब लावली, मग अख्खी पट्टी बदलली, तरी तेच. परवा त्याला नाही नाही ते बोलले. बिचारा तोंड पाडून गेला. बाबांना विचारलं तर म्हणतात, ट्यूब ठीक आहे. दर वेळी तेच. त्यांना सकाळ-संध्याकाळ कळत नाही, त्यांना काय विचारायचं म्हणून सोडून दिलं.

आणि हो, पांढऱ्या कापडावर केस पडल्यासारखा दिसतो, झटकला तरी जात नाही. माझ्या चष्म्याची काच खराब झालीय बहुतेक. घरचाच दुकानदार आहे, तर एक नवी पाठवून दे. मान सांभाळ. आम्हा दमलेल्यांवर लोभ ठेव.

तुझी,
बुटकी


१२ मार्च

चि. बुटकीस,
आशीर्वाद मागाहून. हे पत्र घेऊन वहिनी दारात उभी असेल. तिला आत घे आणि आधी हे वाच. काल दिवसभर फोन लावला, तुमच्या डोंगरावर लागेल तर शपथ.

काच पाठवत नाही. अगं वेडे, मी काच बदलत बसलो, तू ट्यूब बदलत बसलीस! ती ट्यूब बंद कर, खोलीत अंधार कर, डोळे मीट आणि इकडेतिकडे फिरव. तरी चमकलं तर ते तुझ्या डोळ्यात आहे. आणि नाही चमकलं तरी जायचंच. तो केस म्हणजे माझेच ठिपके आहेत.

डोळ्यातला गर पडदा ओढतो, तेव्हा चमकतं. ओढता ओढता भेग पडते, भेगेतून पाणी शिरतं आणि पडदा सुटत जातो. नुसती भेग असेल तर लेझरने भोवती डाग देऊन ती तिथल्या तिथे बंद करतात. तुझ्या भाषेत, उसवायच्या आत टाका. सुटला, की मग माझ्यासारखं पालथं पडायचं.

बाबांचं कोण करेल म्हणशील, तर वहिनी करेल. ती राहायच्या तयारीनेच आलीय. इथे शेजारी माझ्या तोंडाखाली ताट सरकवतात, माझी काळजी नको. गाडी थांबवून ठेवलीय. अर्ध्या वाटेवरच्या मोठ्या दवाखान्यात आमच्या डॉक्टरीणबाईंनी कळवलंय. मी स्वतः धावत आलो असतो गं, या बुडबुड्याने बांधून घातलंय. मला फार भीती वाटते. आजच जा.

दादा


१७ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गेले. वहिनीने ट्यूब बंद केली, मी डोळे मिटले आणि अंधारात लख्खकन चमकलं. साडी न बदलता तशीच गाडीत बसले.

उजव्या डोळ्यात कडेला भेग होती, पाणी नुकतंच शिरायला लागलं होतं. लगेच लेझर केलं. दुखलं थोडं, पण नजर शाबूत आहे. आणखी थोडे दिवस ट्यूबशी भांडत बसले असते तर डोळा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. अधूनमधून अजून चमकतं, काही दिवस चमकेल म्हणे. वाढलं, ठिपके वाढले किंवा काळोख आला तर धावत यायचं. वायरमनची माफी मागितली. तोच बिचारा ओशाळला.

घरी आल्यावर बाबांजवळ बसले आणि सांगितलं, तुमचं खरं होतं, ट्यूब ठीकच होती. एकेक शब्द ओढत म्हणाले की ते तर दर वेळी सांगत होते, मीच ऐकत नव्हते. आणि विचारलं, दादाची मान दुखत असेल ना.

तुझी मान, दादा! वहिनीनेही त्यांना काही सांगितलं नव्हतं. मी मावशींना पत्र वाचून दाखवलं, तेव्हा ते झोपले नव्हते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. मला वाटतं, आजारी पडल्यापासून सगळंच ऐकतायत. आणि मी त्यांच्यादेखत काय काय बोलले असेन!

आता तुझं पुढचं पत्र त्यांच्या उशाशी बसून वाचणार आहे. तेव्हा यापुढे वर त्यांनाही नमस्कार लिहीत जा. वाट बघतायत. पालथा असशील नाहीतर उताणा, लोभ तेवढा सरळ राहू दे.

तुझी,
बुटकी