मोडीत घातलेले देव

प्रिय शहाण्या,

आईनं तुला हे नाव ठेवलं ते कौतुकानं. मी आज ते लिहितेय ते दात-ओठ खात, एवढं ध्यानात ठेवून पुढे वाच. फोनवर तू मला बोलूच दिलं नाहीस. "ताई, वजन तेवढंच आहे ना? मग रडतेस कशाला?" म्हणालास आणि ठेवून दिलास. मी रडत नव्हते रे. संतापानं माझा आवाज फुटत नव्हता. तुला दोन्हींतला फरक कधी कळला नाही.

तू गेल्या महिन्यात आलास तेव्हा मी औषधांच्या दुकानात कामावर होते, बाबा केस कापायला गेले होते. घर रिकामं बघून तू त्यांच्या कपाटातला लाकडी डबा काढलास, सराफाकडे नेलास, आतल्या सगळ्या चांदीच्या चकत्या मोडीत घातल्यास आणि तेवढ्याच वजनाची एक लगड आणून डब्यात ठेवलीस. वरून निघताना बाबांच्या पाठीवर थाप मारलीस. "मी गेल्यावर डबा उघडा, गंमत आहे!" गंमत कुणाची झाली ते सांगते.

तुझी गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि बाबा लहान मुलासारखे लगबगीनं खोलीत गेले. त्यांना वाटलं, तू नवी चकती आणलीयेस. आयुष्यात पहिल्यांदा लेकानं आपल्या नादाची दखल घेतली, असं वाटलं त्यांना. मी दारात उभी होते. त्यांनी डब्यात हात घातला आणि तो हात तिथेच थांबला. मग लगड बाहेर काढली, अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, उलटी केली, पुन्हा फिरवला. डबा पालथा करून झटकला. शेवटी म्हणाले, "छान आहे. गुळगुळीत आहे." आणि पलंगावर बसले ते बसलेच. जेवायला हाक मारली तर म्हणाले, भूक नाही. त्या माणसानं आईच्या आजारपणातसुद्धा जेवणाची वेळ चुकवली नव्हती.

मी तशीच सराफाकडे धावले. तो बिचारा म्हणाला, "तुमच्या भावानंच आणल्या होत्या, केव्हाच गाळायला गेल्या." तुझं गणित मला पाठ आहे. चकत्यांना चांदीच्या भावावर घडणावळ द्यावी लागते, विकताना ती मिळत नाही, म्हणून चांदी घ्यायची तर लगड घ्यावी. हे प्रवचन तू बाबांना दर भेटीत दिलंस आणि त्यांनी दर वेळी "खरंय तुझं" म्हणून ऐकून घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं म्हणजे पटलं, हा तुझा जन्मजात गैरसमज. उंटावरून शेळ्या हाकायची एवढीच हौस असेल तर उंट तरी स्वतःचा घ्यावा माणसानं!

तुला ती जुनी नाणी वाटायची का रे? ती नाणीसुद्धा नव्हती. कुठल्याही राज्यात चालली नसती. औषधाच्या बाटलीच्या झाकणाएवढ्या, हौशी लोकांसाठी पाडलेल्या, पिरॅमिडवाल्यांच्या देवांच्या चकत्या. एकीवर कोल्ह्याच्या तोंडाचा देव, दुसरीवर कानात डूल घातलेली मांजर, पंख पसरलेला शेणकिडा, सूर्याची होडी. आई गेल्यानंतरच्या वर्षी आम्ही घड्याळाचा पट्टा बदलायला गेलो होतो. घड्याळवाल्याच्या वरच्या मजल्यावर एका बाईंचं नाण्यांचं दुकान आहे. बाबा सहज जिना चढले. बाईंनी मखमलीचा तुकडा अंथरून पहिली चकती त्यांच्या हातात ठेवली. ती मांजर होती. बाबांनी तिच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदा मोठ्यानं हसले. म्हणाले, "ही तर मिशासुद्धा ठेवून आलीये!"

त्यानंतर दर महिन्याला आम्ही तो जिना चढायचो. बाई एकेक चकती देऊन गोष्ट सांगायच्या. मेलेल्याचं काळीज तराजूत घालून पिसाशी तोलतात, ही गोष्ट ऐकून बाबा म्हणाले होते, "पोराच्या हातात नका देऊ बाई हा तराजू. तो काळजाचाही भाव काढेल." आम्ही तिघं खो खो हसलो होतो. आता मला त्या हसण्याची शिसारी येते. घरी आल्यावर ते खुर्चीत बसून चकत्या एकेक करून हातात घ्यायचे. मी रेडिओ लावायची, ते देव ओळखायचे. "चोच. म्हणजे ससाणा." "हा घ्या, आमचे किडेपंत आले." चुकले तर स्वतःलाच शिवी देऊन पुन्हा पहिल्यापासून.

एव्हाना तुला कळायला हवं, पण तुला कळणार नाही, म्हणून सरळ लिहिते. बाबांना दिसत नाही.

काचबिंदू आहे. डॉक्टरांना कळलं तोवर डोळ्यांची नस बरीच गेली होती, आता उरलेलीही जातेय. खिडकी कुठे आहे एवढं समजतं, तुझ्या तोंडाच्या जागी त्यांना ढग दिसतो. तू आलास तेव्हा ते तुला सोडायला वळणापर्यंत आले नाहीत म्हणून तू कुरकुरलास. चहा ओतताना कपाच्या काठाला आतून बोट लावतात, त्यावर तू बायकोला डोळा मारून म्हणालास, "बाबा, ही काय घाणेरडी सवय लावून घेतली?" मी तेव्हाच तोंड उघडणार होते. बाबांनी टेबलाखाली माझा हात दाबला. तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती त्यांनी मला. कारण त्यांना पक्कं माहीत होतं, तू त्यांना उचलून तुझ्या घरी नेशील, चांगल्यातल्या चांगल्या खुर्चीत बसवशील, माणूस ठेवशील, आणि त्यांच्या हातांना काही काम म्हणून उरणार नाही.

ज्या माणसानं चाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या घडवल्या, ज्याला दाताचा केसभर उंचवटा बोटानं कळायचा, त्यानं ठरवलं होतं की डोळे जातील तर जातील, बोटांना आधी तयार करून ठेवायचं. चांदीवर उठाव चांगला राहतो, म्हणून चांदी. गुंतवणूक नव्हती ती, वेड्या! तो त्यांचा अभ्यास होता. आणि तू त्यांच्या हातात सपाट लगड ठेवलीस. आंधळ्या होत चाललेल्या माणसाच्या हातात जगातली सगळ्यात गुळगुळीत वस्तू!

मला चोराचा इतका राग आला नसता. चोराला निदान ठाऊक असतं की आपण काहीतरी उचललं. तू विचारलं असतंस तरी चाललं असतं. "बाबा, हे तुम्हाला का आवडतं?" एवढं एकच वाक्य. त्याला काय घडणावळ पडणार होती?

आता हे पत्र का लिहितेय ते. आज सकाळी बाबांनी मला कागद-पेन घेऊन बसवलं. म्हणाले, "त्यानं माझ्या भल्यासाठी केलं, फोनवर माझा आवाज चिरकेल, तू आभाराच्या दोन ओळी लिही, सही मी करतो." त्यांनी सांगितल्या तशा, शब्दही न बदलता, मी त्या वेगळ्या कागदावर लिहून घेतल्या. सहीची जागा दाखवायला मी त्यांचं बोट धरू लागले, तर झटकलं. "येते मला माझी सही." तो कागदही याच पाकिटात आहे. सही कागदाबाहेर गेली आणि अर्धी आमच्या टेबलावर उमटली. टेबलावरची मी पुसलेली नाही. ती बघायला तुलाच यावं लागेल. ते आत्ता समोर बसलेत आणि विचारताहेत, दोन ओळींना इतका वेळ का लागतोय? मी म्हटलं, मीही त्याला खुशाली लिहितेय.

तुझीच,
ताई