बजाआत्याची पाठवणी

वस्ती, वैराग
१८ नोव्हेंबर २०२४

चि. रेश्मास अमृतदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

वस्तीवर रेंज न्हाय, आन् गावात जाऊन फोन लावावा तर आजूबाजूला दहा कान. म्हणून पत्र. हसू नको.

तुझी दिवाळी अंकातली गोष्ट लई गाजली बरं का. कुणीतरी ती वाचून मोबाईलवर भरली, आन् आता घरोघर फिरतीया. पण त्यात ना तुझं नाव, ना ही गोष्ट हाय असं सांगणं. दुसऱ्या ताऱ्यावरनं बारवेतनं वर आलेली, म्हातारीचं कातडं पांघरलेली बाई. डोळ्यात तारा चमकतो. ज्याच्या डोक्यावरनं हात फिरवंल त्याचं आयुष्य पिते. आन् नाव काय, तर बजाबाई! अगं, आपल्या आत्याचं नाव, आपलीच पायऱ्यांची खोल बारव. मोतीबिंदू काढल्यापासनं आत्याचा डोळा बॅटरीच्या उजेडात चमकतो, ते बी घातलंस.

परवा तिनं शेजाऱ्याच्या नातवाला कुरवाळलं आन् पोराला ताप भरला. तवापासनं आमचं दूध कुणी घेत न्हाय. सरपंच आबासाहेबांना मी अंक दाखवला, ही नुसती गोष्ट हाय म्हणून. तर ते म्हणाले, छापून आलंय म्हणजे काहीतरी असणारच की. आत्याला यातलं काही ठाव न्हाय. दूध पातळ झालं असंल म्हणून म्हशीला सरकी वाढव म्हणतीया.

तुझ्या यानाला डिझेल लागत नसंल तर लवकर ये, न्हायतर काहीतरी तोड काढ. माया हाय ती ऱ्हाऊ दे.

तुझा दादा

सोलापूर
२३ नोव्हेंबर २०२४

ती. दादास रेश्माचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा वाचलं. दिवसभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचं आणि संध्याकाळी परग्रहावर जायचं, तर पाय टेकायला ओळखीची जमीन लागते रे. खऱ्या नावाशिवाय माझी गोष्ट उभीच राहत नाही. आणि आई गेल्यावर जिनं आपल्या दोघांना वाढवलं, तिचंच नाव मला आधी सुचतं. प्रेमानं ठेवलं होतं.

मी येऊन सगळं खोटं आहे म्हणाले, तर घरचीच झाकायला आली म्हणतील. गोष्टीवर उतारा गोष्टीचाच. पुढचा भाग लिहिला आहे, माझ्याच आवाजात भरून गावच्या ग्रुपवर टाकते. त्यात ती बाई मार्गशीर्ष अमावस्येला, कुणाचंही वाईट न करता, बारवेतून आपल्या ताऱ्यावर परत जाते आणि जाताना गावाला भरभराट देऊन जाते. झालं! भीती गेली की माणसं पहिल्यासारखी वागतील. तू फार डोकं लावू नकोस.

आत्याला माझा नमस्कार सांग, तिला सांभाळ.

तुझी रेश्मा

वस्ती, वैराग
८ डिसेंबर २०२४

चि. रेश्मास अनेक आशीर्वाद. वि. वि.

मानलं बाई तुला. दूध पुन्हा जायला लागलं. बायका आत्याच्या पाया पडत्यात, तिला काय खायला आवडतं ते इचारत्यात. कालच शेजारची मुक्ताबाई शेंगाची पोळी देऊन गेली.

एकच सांगतो. गावानं बारवेवरची लोखंडी जाळी काढली, पायऱ्या धुतल्या. कशाला म्हणून इचारलं तर साफसफाई म्हणाले. समदे लई गोड बोलतात. मला उगाच बरं वाटत न्हाय. कळावं, लोभ हायच.

तुझा दादा

सोलापूर
१३ डिसेंबर २०२४

ती. दादास सा. न. वि. वि.

तू म्हणजे ना, लोक वाईट वागले तरी काळजी, चांगले वागले तरी काळजी! बारव साफ झाली तर बरंच झालं. प्रकाशक या गोष्टीची कादंबरी मागताहेत. संक्रांतीला येते, आत्यासाठी शाल आणते. तोवर रागावू नकोस.

तुझी रेश्मा

वस्ती, वैराग
२८ डिसेंबर २०२४

चि. रेश्मास आशीर्वाद.

हे पत्र सोलापुरात शिकणाऱ्या प्रभूच्या हाती देतोय, तो एसटीनं येईल. पोस्टाची वाट बघायला वेळ न्हाय.

आज बायका आल्या. आत्याला पाटावर बसवून ओटी भरली. हिरवं लुगडं, नारळ, तांदूळ. तरणेपणी कपाळ पुसल्यापासनं तिच्या ओटीत कुणी एक दाणा घातला नव्हता. लई रडली. मग मुक्ताबाईनं पायावर डोकं ठेवून सांगितलं, की परवा अमावस्येला दिवस मावळताना समदा गाव तुमाला बारवेवर सोडायला येणार, गावावर नजर असू द्या. आत्याला वाटलं कसली तरी पूजा हाय. व्हय म्हणाली.

मी आबासाहेबांकडं धावलो. पाया पडलो. म्हणलं, अहो माणूस हाय ती, तिला पाण्यात पवायला बी येत न्हाय. ते हसून म्हणाले, परत जाणाऱ्याला पवायचं काय काम.

आत्याला गाडीवर घालून निघालो, तर वाटेवर बसलेल्या गावकऱ्यांनी हात जोडून माघारी फिरवलं. शिवी न्हाय, धक्का न्हाय. त्येचीच भीती वाटतीया. तिला एकटी टाकून ठाण्यात जाववत न्हाय. रेश्मा, आता गोष्ट लिहू नको. पोलीस घेऊन ये.

आत्या नवं लुगडं नेसून अंगणात बसलीया. म्हणती, रेश्मानं माझं नाव छापलं म्हणून गावानं मला माणसात घेतलं, तिला माझा आशीर्वाद कळव.

कळवला.

तुझा दादा