चंपाच्या दंडावर फोड का उठला नाही

शहापूर. मंगळवार, दिवेलागण.

सरकारी माणूस देवी टोचून गेला, त्याला आज आठवडा झाला. शेजारच्या पोरांचे दंड फोडांनी सुजलेत आणि आमच्या चंपाचा दंड कोरा. तो आज बघायला आला आणि म्हणाला, "लस कुणीतरी पुसलीय." कुणी?

माझा संशय आक्कावर. ही माझी थोरली बहीण गुंजीहून आल्यापासून घोकतेय, देवीला डिवचू नका म्हणून. शिवाय देवी टोचली त्या दुपारी कचेरीतून आलो तेव्हा चंपाच्या पाटीचं फडकं चुलीपाशी वाळत होतं. शिकवायला मी संध्याकाळी बसतो. मग फडकं दुपारीच ओलं कशानं?

आज सरळ विचारलं. आक्का उसळली, "पोरीला मी हात न्हाय लावला रं! देवीची आण!" इतक्या घाईनं शपथ? मी नको ते बोललो. फडक्याचंही काढलं. ती गाठोडं बांधायला उठली.

तेव्हा चंपा रडत पुढं आली. "आप्पा, मीच पुसलं. त्यानं हातावर वेड्यावाकड्या रेघा ओढल्यात्या. तुम्हीच सांगितलंय की, वाकडी रेघ ठेवायची न्हाय, लगेच फडक्यानं पुसायची."

मुलींची शाळा लांब, म्हणून हिला घरी शिकवतो. शिकवणारा मी एकटाच. आता संशय घ्यायला दुसरं आहे कोण?

आक्का अजून गाठोडं मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसलीय. उठून तिच्यापाशी जायला हवं, आणि मी इथं लिहीत बसलोय.