अंबूअक्काचं समुद्रशेवाळ

कारवार
५ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. अंबूअक्कास शांताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. फोनवर मी ओरडते, तुला भलतंच ऐकू येतं आणि मधे भावोजींना दुभाषी व्हावं लागतं, त्यापेक्षा पत्रच बरं.

सोबतच्या पाकिटात वाळवलेलं समुद्रशेवाळ आहे. सी मॉस म्हणतात त्याला. आमच्या सुनेचा, रेश्माचा, बचत गट हल्ली ते वाळवून विकतो. घाबरू नकोस, ही वनस्पतीच आहे, मासळीशी काही संबंध नाही. रेती आणि खारटपणा जाईपर्यंत चांगलं धुवायचं, रात्रभर भिजवायचं, सकाळी फुगलं की ताज्या पाण्यात मिक्सरवर बारीक वाटायचं. बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं की जेलीसारखं घट्ट होतं. रागीच्या, म्हणजे नाचणीच्या, अंबलीत चमचाभर घालावं. भावोजींचं कोलेस्टेरॉल वाढलंय म्हणतेस, तर त्यांच्या मिरची-भज्यांऐवजी एवढं तरी पोटात जाऊ दे. आयोडीनही भरपूर असतं म्हणे, म्हणजे तुझ्या थायरॉइडलाही चांगलंच असणार.

पत्राला उत्तर आणि मला माया, दोन्ही पाठव.

तुझी,
शांता


धारवाड
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. शांतास अनेक आशीर्वाद.

पाकीट उघडलं आणि घरभर समुद्राचा वास सुटला. तुझे भावोजी नाकाला उपरणं लावून व्हरांड्यात जाऊन बसले. पहिल्यांदा पाणी जास्त झालं आणि नुसती पेज झाली. दुसऱ्यांदा मात्र असं सुरेख जमलं की बाटली उलटी केली तरी हलेना. लिंबू पिळलं की वासही जातो. अंबलीत घालून दिलं तेव्हा दोन घोटांनंतर ‘साकू, साकू, पुरे’ म्हणाले, पण वाटी रिकामी केली. आता संध्याकाळी चुरमुऱ्यांचं गिरमिट आणायला जात नाहीत. भाकरी, पालेभाजी, कोशिंबीर, असं माणसासारखं जेवतात.

आता माझी बातमी. मी थायरॉइडची गोळी बंद केली. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आयोडीनचं काम काय ते मला ठाऊक आहे. ते पोटात जात असेल तर वरून गोळी कशाला? खरं सांगू, रोज सकाळी डोळे उघडल्यावर आधी आपण आजारी आहोत हे कबूल करायचं, याचा मला कंटाळा आला होता. ह्यांना काही बोलू नकोस, उगाच घर डोक्यावर घेतील.

आहे तसाच लोभ असू दे.

तुझी,
अंबूअक्का


कारवार
२९ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. अंबूअक्कास शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून इतका आनंद झाला! इतक्या वर्षांची गोळी सुटली, हे काय थोडं झालं? रेश्माला वाचून दाखवलं, तर तिचा चेहराच उतरला. डॉक्टरांना विचारलंय का, असं तिने दोनदा विचारलं. आजकालच्या मुलींना सगळ्याची भीती. तरी सवडीने विचारून घे हं. भावोजींना मी काही कळू देणार नाही, निश्चिंत राहा. आणखी दोन पाकिटं पाठवतेय.

तुझ्या आशीर्वादाची हक्कदार,
शांता


धारवाड
१७ जानेवारी २०२५

चि. सौ. शांतास वादिराजचे आशीर्वाद.

अंबूचं पत्र नाही म्हणून तू काळजीत असशील. ती दवाखान्यात आहे. जिवाचा धोका टळलाय, हे आधी सांगतो.

महिनाभर ती थंडी वाजते म्हणून दोन-दोन शाली पांघरून बसायची. आवाज घोगरा, चेहरा सुजलेला. बोलता बोलता झोप लागायची. मी म्हटलं वय झालं, थंडीही आहे. सोमवारी दूध उतू जाऊन पातेलं काळं पडलं आणि ही शेगडीसमोरच उभी होती, बघत. मी हाक मारली तर वळायलाही वेळ लागला, आणि वळता वळता खाली बसली.

डॉक्टरांनी औषधं विचारली तेव्हा माझ्यासमोरच तिने सांगितलं, गोळी दोन महिन्यांपासून बंद आहे. ते म्हणाले, हिची ग्रंथीच काम करत नाही, आयोडीन ओतून ती सुरू होणार नाही. उलट जास्त आयोडीनने त्रास वाढतो. शेवाळ हिला वर्ज्य. गोळ्या परत सुरू केल्या आहेत.

शांता, तुला हे ठाऊक होतं असं ती म्हणाली. मला एक ओळ लिहिली असतीस तर बरं झालं असतं. एवढंच.

तुझा,
वादिराज


धारवाड
२४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शांतास अनेक आशीर्वाद.

घरी येऊन महिना होत आला. चेहरा पूर्वीसारखा दिसू लागलाय. परवा तपासणीसाठी डॉ. तनुजा कुलकर्णींच्या दवाखान्यापर्यंत पायी जाऊन आले. गोळी सकाळी उपाशीपोटी घेते. ह्यांनी मुकाट्याने पाण्याचा पेला उशाशी ठेवायला सुरुवात केली आहे. शेवाळाची बाटली मी शेजारी देणार होते, पण कुणाला काय आजार आहे ठाऊक नाही, म्हणून टाकूनच दिली. बाकी भाकरी-भाजी चालू आहे, आणि ह्यांचं कोलेस्टेरॉल उतरलंय. त्याचं श्रेय तुला.

तुझं मात्र एकही पत्र नाही. फोन केला तर रेश्मा उचलते, सासूबाई बाहेर गेल्यात म्हणते. तिला खोटं बोलता येत नाही, फार अडखळते बिचारी. शहाणी मुलगी आहे. पहिल्यांदा तिचंच ऐकायला हवं होतं, तू आणि मीही.

शांता, गोळी मी बंद केली. तू माझ्या तोंडातून काढून घेतली नाहीस. ह्यांना सांगू नकोस हेही मीच म्हटलं. पण मी आजारी पडल्यावर तू गप्प राहिलीस, त्याचा मला राग आला आहे, आणि तो पत्रात नीट लिहिता येत नाही. हुबळीपर्यंत बस आहे, पुढे हे न्यायला येतील. तू ये. आधी मी तुझ्यावर पोटभर रागवेन, मग आपण दोघी जेवायला बसू.

वाट पाहणारी,
अंबूअक्का