घड्याळ धरणाऱ्या बाबांना

इंडियानापोलिस, शुक्रवार

बाबा,

तुमच्या लवेलचं सगळं ठीक चाललंय. खांद्याची काळजी नको, डॉक्टरांनी फक्त दोनदा तपासला.

आपल्या अमेरिकन फुटबॉलचे व्यावसायिक संघ निवडीआधी बुद्धीची परीक्षा घेतात ना, ती आज झाली. बारा मिनिटं, पन्नास प्रश्न. आम्ही सगळे धिप्पाड गडी शाळकरी बाकांत कोंबलेले. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी "सुरू करा" म्हणायच्या आत मागे कुणीतरी जोरात खोकलं, आणि बचावातल्या पोरांनी फटाफट पानं उलटली! आम्ही पुढच्या फळीतले जागचे हललो नाही. चेंडू सुटायच्या आत हललो तर दंड आम्हालाच, म्हणून खोट्या इशाऱ्याला फसायचं नाही, हेच तर इतकी वर्षं घोटलंय. बाई म्हणाल्या, "अरे, इथेही तेच का?"

चौतीस आले, बाबा! आकडा गुपित असतो, पण एका संघाच्या माणसाने हळूच सांगितला. वर म्हणतो कसा, "एवढं डोकं असून धडका कसल्या खातोस?"

मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी स्वयंपाकघरातलं घड्याळ हातात धरून तयारी करून घेतलीय. आणि साठाव्या वर्षी ते स्वतः वाचायला शिकतायत."

चर्चमधला वाचनाचा वर्ग बुडवत नाही ना? गुडघ्याची सबब चालणार नाही. ओनिताताई अजून रात्रपाळीच करते का?

हे पत्र मात्र तिच्याकडे वाचायला देऊ नका. मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलंय. तुम्हीच वाचा. हवा तेवढा वेळ घ्या बाबा, तुमच्यासमोर कुणी घड्याळ धरून बसलेलं नाही.

तुमचाच,
लवेल